इब्राहिमच्या डोक्याला एकही टाका नव्हता

इब्राहिम, हे वाचून तू रागावला असतास. रागाव. तुझ्या दफनानंतरचा चाळिसावा दिवस अजून व्हायचा आहे आणि मी तुझं एक खोटं चारचौघांत उघडं पाडणार आहे. तू मध्ये तोंड घालू शकत नाहीस, याचा फायदा घेऊन. शाळेपासून तू मला एकही वाक्य धड पुरं करू दिलं नाहीस. आता ऐक.

तुझ्या डोक्याला एकही टाका नव्हता.

सात नव्हते, बारा नव्हते, आणि शेवटी शेवटी दिघीच्या धक्क्यावर गणूच्या टपरीत चहा पिताना तू सांगायचास ते एकवीस तर नव्हतेच. कवटी नारळासारखी फोडलेली नव्हती. केस काढलेले नव्हते. तुझ्या डोक्यात गाठ होती, ती होती तिथेच राहिली, आणि तरीही उपचार झाला आणि लागू पडला. हे मी ऐकीव लिहीत नाही. मुंबईच्या रुग्णालयात तुझे कागद मी वाचले, सही कुठे करायची ते तुला मी दाखवलं, आणि तू आत होतास तेव्हा बाहेरच्या बाकावर तुझ्या बायकोच्या, सकीनाच्या शेजारी मी बसले होते.

आणखी एक. तू गेलास तो डोक्यामुळे नाही. सकाळच्या पहिल्या फेरीच्या गाड्या बोटीवर चढवून झाल्यावर तू धक्क्यावरच्या बाकावर टेकलास आणि तिथेच तुझं हृदय बंद पडलं. तुझे अब्बा साधारण याच वयात, याच तऱ्हेने गेले होते. बिडी तू सोडली नव्हतीस. दाखल्यावर डॉक्टरांनी काय लिहिलं आहे ते मी दोनदा वाचलं. तुझ्या मेंदूचा शेवटचा स्कॅन त्याच्या दोन महिने आधीचा. गाठ आक्रसली होती. त्या कागदाची प्रतही माझ्यापुढे आहे.

गाव मात्र वेगळं सांगतं. अर्धं गाव म्हणतं, उपचाराच्या मशीनचा किरण डोक्यातून खाली उतरला आणि काळजात गेला. उरलेलं अर्धं गणूचं ऐकतं, आणि गणू म्हणतो, "डोकं उघडल्यावर मानूस किती जगंल? तीन वर्सं जगला हेच लय झालं." पहिली अफवा गावाची आहे. दुसरी तुझी. पहिलीशी मी भांडेन. दुसरी तू मागे ठेवून गेलास, म्हणून तुझ्याशी भांडते आहे.

तुझी गोष्ट तुझ्याबरोबर दफन झाली असती तर मी गप्प बसले असते. पण तिने आता कमलला धरलं आहे.

कमलला तू दहा वर्षं रोज पाहिलंस. वाचणाऱ्यांसाठी सांगते: आगरदांड्याहून पहिल्या फेरीने मासळीची पाटी घेऊन दिघीला येणारी, पन्नाशीच्या आतबाहेरची कोळीण. पाटी उतरवायला तू हात द्यायचास आणि ती रोज म्हणायची, "दादा, हात मासळीला लावू नको, बिडीचा वास लागतो." गेले काही महिने ती एक डोळा मिटून मासे मोजते. दोन्ही डोळे उघडे ठेवले की एका पापलेटाची दोन दिसतात. तपासण्या झाल्या. डोळ्याच्या मागे, मेंदूच्या आवरणावर लहानशी गाठ आहे. कर्करोगाची नाही, पण वाढते आहे, आणि जिथे आहे तिथे सुरी नेणं अवघड. डॉक्टरांनी तिला तोच उपचार सांगितला जो तुझ्यावर झाला. तारीख दिली. कमलने नाही म्हणून कळवलं.

"इब्राहिमदादाचं डोकं उघडलं न् तो गेला," ती मला म्हणाली. "मी न्हाय जानार. दोन तर दोन. मासळी जास्त दिसली तर काय वाईट?"

हसली. मी हसले नाही. गाठ वाढली तर आधी तो डोळा जाईल, हे तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि तिने मला सांगितलं होतं. तिला अडवत होते ते तुझे एकवीस टाके.

म्हणून मी सकीनाकडे गेले. तुझी गोष्ट खोटी होती हे सांगायचं तर तिला विचारल्याशिवाय सांगणं बरं नव्हतं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सांग. त्येच्या डोक्याची पट्टी मीच बांधायची, तेवा खोटं माजं पन हाय. पन सांगायचं तर पयल्यापासून सांग. तुज्यापासून."

तर पहिल्यापासून सांगते.

तीन वर्षांपूर्वी तू सारंग होतास, दिघी-आगरदांडा फेरीबोट चालवत होतास. बोट दिघीला लागली होती, गाड्या उतरत होत्या, आणि तू सुकाणू सोडून चहाला निघाला होतास. धक्क्याच्या उतारावर चार पावलं चाललास, डावीकडे कललास, सावरलास, पुन्हा कललास आणि पडलास. हरिहरेश्वरला निघालेल्या दोन गाड्यांतल्या माणसांनी ते पाहिलं आणि तिकीट खिडकीवर जाऊन तक्रार केली, की बोट चालवणारा प्यायलेला आहे. संध्याकाळी ती तक्रार माझ्यापर्यंत, म्हणजे पेपराच्या वार्ताहरापर्यंत आली. मी तिकीट खिडकीला फोन केला. तक्रार झाली आहे का? झाली आहे. मी चार ओळी लिहिल्या. मथळा दिला: 'फेरीबोटीचा सारंग नशेत? प्रवाशांची तक्रार'. नाव छापलं नाही. दिघीच्या त्या बोटीला सारंग किती आहेत हे मला माहीत होतं.

तुला फोन केला नाही. ज्याला पाचवीपासून ओळखते त्याची बातमी करताना त्यालाच विचारायला गेले तर ती मैत्रीतली बातमी होईल, असं मला वाटलं. अनोळखी माणसाच्या बाबतीत मी नक्की विचारलं असतं. दुसरी बाजू जाणून घ्यायची, हे आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी ती तुझ्यापुरती सोडली आणि त्याला तत्त्व म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तू पेपर घेऊन माझ्या दारात आलास. ये म्हटलं तरी आत आला नाहीस.

"मी कधी पितो?"

"मी तसं लिहिलेलं नाही. तक्रार आहे, असं लिहिलंय."

"तक्रार कुनाची?"

"प्रवाशांची."

"म्हंजे चार अनोळखी मानसांची तक्रार खरी. न् तू मना बोरलीच्या शाळंपासून बघतेस, त्ये काय?"

"बातमीत चूक नाही, इब्राहिम."

"मग खुलासा छाप. दुसऱ्या दिवशी छापतात ना?"

"चूक नसेल तर खुलासा कसला छापायचा?"

तू पेपराची घडी माझ्या उंबरठ्यावर ठेवलीस आणि गेलास. सरळ रेषेत चालायचा प्रयत्न करत होतास. मी मागून पाहत होते आणि तुला ते जमत नाही आहे हे मला दिसत होतं. तरीही मला शंका आली नाही.

त्या शुक्रवारी नमाजानंतर एका बुजुर्गांनी मायेने तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि नाक तुझ्या तोंडाजवळ नेलं. हे मला सकीनाने नंतर सांगितलं, तू कधीच नाही. बोटीच्या मालकांनी तुला सुकाणूवरून उतरवलं आणि दोर टाकण्याच्या कामाला लावलं. त्या चार ओळींवर माझं नाव नव्हतं. आमच्या पेपराचे या भागात तेव्हा दोन वार्ताहर होते. गावाने दुसऱ्याला धरलं. तो नुकताच पनवेलला बदलून गेला होता, म्हणून त्याचं काही बिघडलं नाही. ती बातमी कुणाची हे तुला माहीत होतं, सकीनाला माहीत होतं, आणि तुम्ही दोघांनी कुणाला सांगितलं नाही. का सांगितलं नाहीस, हे मी तुला तीन वर्षांत विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आजार पकडला सकीनाने. फोन तू नेहमी उजव्या कानाला लावतोस, डाव्या हातात असला तरी हात बदलतोस, हे तिच्या लक्षात आलं. मग तू कबूल केलंस, की डाव्या कानात दोन वर्षं शिटी वाजते आहे आणि त्या बाजूचं बोलणं ऐकू येत नाही. टपरीवर तू मला कायम तुझ्या उजवीकडे बसवायचास. मी ते पाहिलं होतं. पाहणं हा माझा व्यवसाय आहे.

कानाच्या डॉक्टरांनी स्कॅन करायला लावला. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या शिरेवर गाठ निघाली, वाटाण्याहून मोठी, सुपारीहून लहान. तोल सांभाळण्याचं कामही तिथूनच चालतं. बोटीवर कुणाला कळलं नाही, कारण बोटीवर सगळेच डुलतात. जमिनीवर तू एकटा डुलत होतास.

स्कॅनचं पाकीट घेऊन तू पुन्हा माझ्या दारात आलास. या वेळी आत आलास.

"हे वाच," म्हणालास. "तुज्या पेपरापेक्षा बारीक अक्षर हाय. न् मुंबैला तू यायचं. मना नशा चढवलीस, आता उतरवायला चल."

मी आले. सॉरी म्हणाले नाही. गाडीत चार तास शेजारी बसले होते, उजवीकडे, आणि म्हणाले नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी दोन्ही वाटा सांगितल्या. डोकं उघडून गाठ काढता येईल, किंवा न उघडता किरणांनी तिची वाढ थांबवता येईल. गाठ लहान होती म्हणून दुसरी वाट खुली होती. उघडलं तर चेहऱ्याच्या शिरेला धक्का लागण्याचा धोका जास्त, म्हणजे तोंड वाकडं राहू शकतं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि डॉक्टरांना म्हणालास, "तोंड वाकडं नको. ह्या बाई त्याची पन बातमी करतील."

सकाळी तुझ्या डोक्याला धातूची हलकी चौकट बसवली. चार ठिकाणी इंजेक्शनने जागा बधिर केली आणि चार बारीक पिना कातडीतून हाडाला टेकवून घट्ट केल्या. कपाळावर दोन, मागे दोन. डोकं केसभरही हलता कामा नये म्हणून. तू भिंतीवरच्या आरशात बघितलंस आणि म्हणालास, "सकीना, फोटो झालो मी. भिंतीला टांग." ती रडत होती, ती हसली. त्यासाठी मी तुझी आभारी आहे. त्या खोलीत आम्हा दोघींना धीर देण्याचं काम ज्याच्या डोक्यात पिना होत्या त्याने केलं.

चौकटीसकट स्कॅन झाला. मग डॉक्टर आणि किरणांचं गणित करणारे एक तज्ज्ञ बराच वेळ संगणकासमोर बसले. तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावलं: शेकडो बारीक किरण वेगवेगळ्या बाजूंनी येतील. एकटा किरण दुबळा असतो, वाटेत लागणाऱ्या भागाला तो जवळजवळ काही करत नाही. सगळे एका ठिकाणी भेटतात, आणि जिथे भेटतात तिथेच मार बसतो.

तू लगेच म्हणालास, "रापण."

त्यांना कळलं नाही. तू चौकटीत मान अडकलेली असताना हातांनी दाखवलंस: किनाऱ्यावर दोन्ही बाजूंनी माणसं उभी राहतात, जाळ्याचा दोर ओढतात. एकट्याच्या ओढण्याने काही होत नाही. सगळ्यांनी मिळून ओढलं की जाळं येतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी पुढच्या पेशंटला असंच सांगते. त्या सांगतात की नाही मला माहीत नाही. मी आता सांगते आहे.

तासाभराने तू बाहेर आलास. चालत. सकीनाने विचारलं, दुखलं का? तू म्हणालास, "दुखायला काय झालंच न्हाय. आवाज पन न्हाय. मी झोपलो." चेहऱ्यावर सुटका नव्हती, फसवल्यासारखा भाव होता. मग डॉक्टर आले आणि तू त्यांना विचारलंस, "गाठ कुठाय? बाटलीत देतात ना? माज्या मेव्हन्याला मुतखडा दिलेला बाटलीत."

"गाठ तुमच्या डोक्यातच आहे. तिथेच राहणार."

"मग तुमी केलं काय?"

"तिचं वाढणं थांबवलं. थांबलं की नाही ते कळायला महिने लागतील."

तू माझ्याकडे वळलास. "रापण ओढली न् मासळी पान्यातच," म्हणालास.

दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. पिनांच्या जागी जखम धरू नये म्हणून डोक्याला पट्टी होती. ती एका दिवसात काढायची होती. तू काढलीस.

इथून तुझं खोटं सुरू होतं, आणि ते कसं सुरू झालं हे सांगितल्याशिवाय मी ते उघडं पाडणार नाही.

गाव तुला बघायला आलं. मोसंबी आली, खजूर आले, आणि प्रत्येकाने पहिला प्रश्न तोच विचारला: टाके किती? तू खरं सांगितलंस. टाके नाहीत, कापलं नाही, गाठ आतच आहे, मी झोपलो होतो. माणसं तुझ्या डोक्याकडे बघत. कपाळावर दोन लाल ठिपके, बस. चहा पिऊन उठत. पाचव्या दिवशी तू टपरीवर गेलास, आणि गणू बाकड्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हंजे काय केलंच न्हाय की. काय व्हतंच न्हाय तर करनार काय? पेपरात आलं तेच खरं म्हनायचं."

सहाव्या दिवशी तुझ्या डोक्याला पट्टी होती. सकीनाच्या जुन्या मलमलच्या ओढणीची. पहिल्या दिवशी टाके सात होते.

मी चिडले. तुला धक्क्याच्या टोकाला नेलं आणि म्हणाले, हे खोटं आहे, सोड ती पट्टी. तू म्हणालास, "तुजं खरं तू छापलंस. आता माजं मी बांधलंय. बघू कोन जास्त वाचतंय."

पट्टी दीड महिना होती. टपरीवर तुला पुन्हा बसायला जागा झाली. मशिदीत त्या बुजुर्गांनी तुझा हात दोन्ही हातांत घेतला. दारू प्यायचा नाही, डोक्यात गाठ होती, बिचाऱ्याचं डोकं फोडलं, एकवीस टाके. गावाने ते मानलं. मी छापायला नकार दिलेला खुलासा तू डोक्याला बांधून फिरलास.

पुढचं सरळ सांगते, कारण कमलने ते सगळं ऐकायला हवं. सहा महिन्यांनी स्कॅनमध्ये गाठ किंचित मोठी दिसली. तू तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीस, जणू किरण मी सोडले होते. डॉक्टर म्हणाले, मार बसलेली गाठ आधी सुजते, थांबा. वर्षाच्या स्कॅनला ती होती तेवढीच होती. दुसऱ्या वर्षी लहान झाली. डाव्या कानाचं गेलेलं ऐकणं परत आलं नाही, आणि ते येणार नाही हे तुला आधीच सांगितलेलं होतं. शिटी गेली नाही. पहिले काही महिने तू दुपारी बसल्या जागी झोपायचास. तोलाचे व्यायाम दिले होते. ते तू धक्क्याच्या भिंतीलगत करायचास आणि कुणी विचारलं तर भिंत मोजतो आहे म्हणायचास.

सुकाणू परत मिळालं नाही. एका कानाने ऐकणाऱ्याला मालकांनी ते दिलं नाही, आणि त्यात ते चुकले असं मी लिहिणार नाही. तू भांडलास आणि मग दुसरं काम मागून घेतलंस: गाड्या बोटीवर चढवण्याचं. धक्क्याच्या उतारावर उभं राहायचं, पाण्याकडे पाठ करून, आणि हातांच्या खुणांनी एकेक गाडी मागे घेत बोटीवर लावायची. खाली शेवाळ, वरून गाडी, बाजूला पाणी. तोल असलेल्या माणसांनाही ते काम नको असतं. ज्या उतारावर तू पडलास तोच उतार तू मागितलास.

स्कॅन चांगला आला त्या दिवशी मी म्हणाले, आता तरी लोकांना खरं सांग. कापलं नाही, तरी बरा झालो, असं सांग. कुणाच्या उपयोगी पडेल.

तू म्हणालास, "तू सांग. पेपर तुज्याकडं हाय."

हा वाद इथे थांबला आणि तू गेलास. मी सांगितलं नाही, कारण मला ठाऊक होतं वाद कशाचा आहे. पट्टी का बांधली हे सांगायचं तर आधी ती बातमी कुणी लिहिली हे सांगावं लागलं असतं. मी तुला खोटं सोडायला सांगत होते आणि माझ्या खोट्याच्या आडोशाला उभी होते. माझ्या चार ओळींत एकही शब्द चूक नव्हता. त्या तरीही खोट्या होत्या.

सकीनाकडून निघाले ती धक्क्यावर गेले. कमल पाटी विकून परतीच्या बोटीची वाट बघत होती. मी तिच्या शेजारी बसले आणि सांगितलं. टाके नव्हते, पिना होत्या, रापण, बाटली, ओढणी, सगळं.

ती एक डोळा मिटून माझ्याकडे बघत होती. "म्हंजे दादा खोटं बोलला."

"हो."

"मना पन? मी त्याच्या डोक्याला हात लावून बगितला व्हता. म्हनाला, हळू, टाके उसवतील."

"तुला पण."

"मेला." तिने रिकाम्या पाटीवर हात आपटला. "पन कशाला? एवढा नमाजी मानूस."

"पेपरात आलं होतं, की तो पिऊन पडला म्हणून. खरं सांगितल्यावर कुणी मानेना. म्हणून पट्टी बांधली."

"त्यो पनवेलचा मुडदा. त्यानंच लिवलं व्हतं ना?"

"त्याने नाही. मी."

कमलने दुसरा डोळा उघडला. आता मी तिला दोन दिसत असणार. दोघींकडेही तिने निरखून पाहिलं. बोट आगरदांड्याहून निघाली होती, अर्ध्या खाडीत आली होती.

"बाय," ती म्हणाली, "मी तुला रोज मांदेली स्वस्त देते. आजपासून न्हाय देनार."

"नको देऊस."

"मग हे डोक्याचं मी कुनाचं मानू? तू पन लिवलंस तेवा खरंच म्हनून लिवलंस."

हा प्रश्न मला नोकरीत कुणी विचारला नव्हता. मी तिला तुझे सगळे स्कॅन दिले. म्हणाले, माझं मानू नको, डॉक्टरांना दाखव आणि त्यांना विचार. कमल, तुझी गाठ वेगळी आहे, तुझं उत्तर वेगळं असेल, ते त्यांच्याकडून घे. आणि इब्राहिमचं विचारशील तर तो पहिल्या फेरीला कुठे उभा असायचा ते आठव. त्याला पडताना पाहिलंस कधी?

तू तिच्यासमोर रोज उभा होतास. कुणाच्या सांगण्याची गरज नव्हती.

"न्हाय," ती म्हणाली. "येकदा गाडीचा चाक त्याच्या पायावर येत व्हता. उडी मारली न् उभाच."

बोट लागली. तिने रिकामी पाटी उचलली, स्कॅनची पाकिटं पदराखाली धरली आणि उतार उतरता उतरता वळून ओरडली, "मी पट्टी न्हाय बांधनार सांगून ठेवते! कुनी टाके इचारले तर तुज्या दारात पाठवीन!"

डॉक्टरांनी तिला पुन्हा तारीख दिली. ती उद्याची आहे.

मी संपादकांकडे गेले. ते म्हणाले, तीन वर्षांपूर्वीची चार ओळींची बातमी, नाव नाही, माणूस गेलेला, आता कुणाला आठवतं? मी म्हणाले, दिघीला. ते म्हणाले, आपण असं छापायला लागलो तर रोज एक पान लागेल. मी म्हणाले, लागू दे. शेवटी चौथ्या पानावर खाली जागा दिली. आज आलं आहे. तुला वाचून दाखवते, तू कधीच पूर्ण वाक्य ऐकून घेत नाहीस, पण पाचच आहेत:

'तीन वर्षांपूर्वी या पानावर दिघी येथील फेरीबोटीचा सारंग नशेत असल्याची तक्रार प्रसिद्ध झाली होती. ती बातमी प्रस्तुत वार्ताहराने संबंधित व्यक्तीची बाजू जाणून न घेता लिहिली होती आणि ती चुकीची होती. सारंग इब्राहिम यांनी आयुष्यात मद्य घेतले नव्हते. मेंदूतील गाठीमुळे त्यांचा तोल जात होता आणि त्या गाठीवर डोके न उघडता किरणांनी केलेला उपचार यशस्वी झाला होता. झालेल्या बदनामीबद्दल वार्ताहर त्यांची व त्यांच्या कुटुंबाची क्षमा मागते.'

खाली माझं नाव आहे. सकीनाने कात्रण कापून तुझ्या टोपीत ठेवलं. गणूने टपरीच्या फळीवर पेपर उघडा ठेवला आहे आणि माझ्याशी बोलत नाही. बरं आहे. काही दिवस न बोलणं मला चालेल. तू किती महिने सोसलंस ते मला माहीत आहे.

आज पहिल्या फेरीने कमल मुंबईला निघाली. आगरदांड्याहून सरळ गेली असती, तिच्या भावाची गाडी तिथेच होती. पण ती आधी उलटी दिघीला आली. पाटी न घेता. का आलीस विचारलं तर म्हणाली, "दादाला सांगून जाते." तुझ्या बाकाजवळ क्षणभर उभी राहिली, काय सांगितलं ते मी विचारलं नाही, आणि त्याच बोटीने परत गेली.

मी उतारावर उतरले, तू उभा राहायचास तिथपर्यंत. ओहोटी होती. शेवाळ पायाखाली सरकत होतं आणि मला भिंतीला हात लावावा लागला. मला दोन्ही कानांनी ऐकू येतं, तरी लावावा लागला.

तर आता हे लिहून ठेवते, माझ्या नावाने, आणि ज्याला खोडून काढायचं असेल त्याने समोर यावं. या उतारावर इब्राहिम दोन पावसाळे उभा राहिला. एकदाही पडला नाही. हे मी पाहिलं आहे.